मालकांचा डबा

सतरा नंबर तिसऱ्यांदा भिंतीतून वर आला, तेव्हा पृथ्वीराज सरनोबतांनी रंगाऱ्याला शिव्या द्यायचं बंद केलं आणि धाकट्या भावाला फोन लावून झेंडूच्या माळा मागवल्या.

बाकीचे आकडे मुकाट्यानं गेले होते. हॉलचं कोविड सेंटर झालं तेव्हा कुणा हौशी माणसानं प्रत्येक बेडमागच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटनं नंबर टाकले होते. ते खरवडले, पुट्टी भरली, वर रंगाचे दोन हात मारले, की दिसेनासे झाले. फक्त पूर्वेच्या खिडकीशेजारचा सतरा तेवढा रंग वाळला की गुलाबी होऊन पुन्हा हजर. सतरा नंबरच्या बेडवर सप्टेंबरात कोण होतं हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच त्या डागाबद्दल कोणी बोलत नव्हतं. तिथं पृथ्वीराजचे वडील, खुद्द दादा सरनोबत होते. स्वतः बांधलेल्या मंगल कार्यालयात, स्वतः बसवलेल्या फरशीवर, सरकारी लोखंडी खाटेवर.

शहर एव्हाना हळूहळू उघडत होतं. आधी किराणा उघडला, मग सलून, मग मिसळीची हॉटेलं पार्सलपुरती, मग एका बाकड्यावर एकच माणूस अशा बेतानं. दिवाळीच्या पाडव्याला अंबाबाईचं देऊळसुद्धा उघडलं. राजारामपुरीत रिक्षा पुन्हा एकमेकींच्या अंगावर जायला लागल्या. उघडूनही उघडत नव्हतं ते फक्त अंबूबाई सरनोबत मंगल कार्यालय. सरकारनं दसऱ्यानंतर चाव्या परत दिल्या, धूर झाला, फवारणी झाली, होम झाला, पन्नास माणसांत लग्न करायची परवानगीही आली. पण फोन येत नव्हते. जे येत होते ते पेशंटच्या अंगावरचं पांघरूण उचलावं तसं हळूच बोलत होते. हॉल छानच आहे हो तुमचा, पण आमच्याकडे वयस्कर माणसं आहेत. पन्नास माणसांचं काय एवढं, गच्चीवरच उरकतो.

मग घरात ठरलं, की पहिलं लग्न आपल्याच घरचं लावायचं. सरनोबतांनी आपल्या पोरांचं लावलं म्हटल्यावर गावाची भीड मोडेल. ठरवताना सगळ्यांचं एकमत होतं. कोणाच्या पोराचं, एवढाच प्रश्न राहिला होता. धाकट्या भावाच्या, कृष्णातच्या मुलाचं लग्न ठरलेलं होतं. पण हॉलमधल्या हवेला आपण नावं ठेवतोय असा भाऊनं गैरसमज करून घेऊ नये, असं सांगत त्यानं हायवेजवळचं एक हवेशीर लॉन आधीच बुक करून टाकलं. राहिली पृथ्वीराजची राजनंदिनी.

"भाऊ, माळा आणल्यात," कृष्णात दारातून ओरडला. मांडव-डेकोरेशनचा त्याचा धंदा मार्चपासून झोपला होता. त्याच टेंपोतून त्यानं सहा महिने भाजी विकली होती, आणि माळांनाही अजून मेथीचा वास होता. "कुठं सोडू?"

"त्या खिडकीजवळ. दाट सोड. भिंत दिसली न्हाय पायजे."

"एकाच कोपऱ्यात एवढी फुलं? पावणं म्हणतील तितं देव हाय का काय."

"म्हणू देत. देव म्हटलं तर चालंल."

आज बिद्रीचे पाहुणे सुपारी फोडायला येणार होते. सुपारी फुटली की राजनंदिनीचं लग्न पक्कं, आणि ते याच हॉलमध्ये झालं की हॉल पुन्हा चालू. नाही फुटली तर हॉल विकत घ्यायला कृष्णातनं बघून ठेवलेला बिल्डर तयार होता. म्हणजे आज दोन लग्नं ठरायची होती, आणि पृथ्वीराजला त्यातल्या कुठल्या लग्नाची जास्त काळजी आहे हे त्याला कोणी विचारलं नाही म्हणून बरं.

स्थळ आणलं होतं आक्कानं. आक्का ही दोघा भावांची थोरली बहीण, दिली होती हातकणंगल्याला. तिथं बसून ती अर्ध्या जिल्ह्याच्या सोयरिकी फोनवर हलवायची. खुर्च्या मोजून मोजून लांब ठेवणाऱ्या भावांकडे बघत ती म्हणाली, "परत एकदा ध्यानात ठेवा सगळी. कोरोनात हॉल बंद हुता. कुलूप. आणि दादा हार्टनं गेले, घरात, झोपेत. मी पोराच्या बापाला, हंबीररावांना, तसंच सांगितलंय."

"त्यांनी काय विचारलं न्हाय?" पृथ्वीराजनं विचारलं.

"काय बी न्हाय. हॉलचं नाव काढल्याबरोबर लगेच हो म्हणाले. साधी माणसं हायत. कुणी आपल्याला एवढं लगेच हो म्हटलं की मलाच कसंतरी होतंय."

पृथ्वीराज ऑफिसच्या खोलीत गेला. तिथल्या भिंतीवर दादांचा हार घातलेला फोटो होता. ताजा हार बघितला की माणूस विचारतो कधी गेले, आणि कधी गेले विचारलं की पुढं कशानं गेले येतंच. त्यानं फोटो उतरवला, नवरीच्या खोलीतल्या कपाटामागं भिंतीकडे तोंड करून ठेवला, आणि त्या खिळ्यावर आपलं 'कोरोना योद्धा' सन्मानपत्र अडकवलं. रिकामा खिळा वाईट दिसतो.

*

नवरीच्या खोलीत अवंतिका, म्हणजे पृथ्वीराजची बायको, मुलीच्या साडीच्या निऱ्या धरून बसली होती आणि पुन्हा पुन्हा फरशीकडे बघत होती. खोली सेंटरच्या वेळी नमुने घ्यायची होती. इथंच लोकांच्या नाकात काड्या घातल्या होत्या. आरशासमोर कुंकू लावताना तिला कोणीतरी खोकल्यासारखं वाटलं.

कृष्णात दार लोटून आत आला. "वैनी, एक बोलू का? मला तुमचंच पटतंय."

"माझं काय? मी कुठं काय बोलले?"

"बोलला न्हाईसा, पण तोंडावर दिसतंय की. पोरीच्या आयुष्याचा सवाल हाय. ज्या जागेत माणसं गुदमरली तितं अक्षता टाकायच्या? माझ्या पोराला मी लॉनवर नेतोय. राजनंदिनीचं बी तितंच करू, एका खर्चात दोन्ही. तुमी फक्त भाऊला सांगा."

तीन महिन्यांपूर्वी याच कृष्णातनं, सेंटरचं सामान बाहेर काढताना, "आपल्या हॉलमध्ये एक बी माणूस दगावला न्हाय" असं वर्तमानपत्रवाल्याला छाती पुढं काढून सांगितलं होतं. ते खरंही होतं. दगावायची वेळ आली की माणसाला इथून मोठ्या दवाखान्यात हलवायचे. दादांनाही हलवलं होतं. अवंतिकाला हे सगळं आठवलं, कृष्णातचा बिल्डरही आठवला. पण गेल्या आठवड्याभरात तिच्या मनातलं बोलणारा हा पहिलाच माणूस होता. माणसाची नियत वाईट असली तरी बोलणं पटू शकतं.

"ऐकणार नाहीत ते," ती म्हणाली. "पण पाहुण्यांनीच नको म्हटलं तर..."

"तर आपला नाइलाज," कृष्णातनं वाक्य पुरं केलं. दीर-भावजय इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका बाजूला आली होती.

"मी काही नको म्हणणार नाही," राजनंदिनी आरशातून म्हणाली. ती कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायची. वर्षभर मोबाइलच्या पडद्यावर शिकवून तिचा आवाज घरातही वर्ग आवरल्यासारखा लागायचा. "दादा म्हणायचे, तुझं लग्न याच स्टेजवर. मला हॉलचं काही नाही. मुलाचंच नीट कळत नाहीये. मास्कशिवाय त्याला मी फोटोतच बघितलंय. बोलतही नाही तो. आणि एक सांगून ठेवते, मला कोणी सरळ विचारलं दादा कशानं गेले, तर मी खोटं बोलणार नाही."

"कोण विचारतंय तुला," अवंतिका म्हणाली आणि निरी जरा जोरात ओढली.

खोलीच्या कोपऱ्यात माई बसल्या होत्या. दादांची बायको, वय झालेलं, ऐकू मात्र सगळं यायचं. मांडीवर स्टीलचा डबा. दादा गेल्यापासून त्या बाहेरचं काही खात नव्हत्या, कुठंही गेल्या तरी आपली भाकरी आपल्या डब्यात. हाच डबा सप्टेंबरात रोज दादांसाठी भरायच्या. भाकरी, मुगाची आमटी, वरच्या कप्प्यात आंबील. पृथ्वीराज तो घेऊन सेंटरवर जायचा आणि दुपारी डबा परत यायचा, रिकामा, धुऊन पुसून. डबा उघडून त्या नाक लावायच्या, आणि भाकरीचा कण शिल्लक नाही म्हणून त्यांना बरं वाटायचं. म्हातारा जेवतोय म्हणजे घरी येणार. आला नाही, पण उपाशी गेला नाही, एवढं समाधान त्यांनी उराशी धरून ठेवलं होतं.

*

पाहुणे तिघंच आले. हंबीरराव, त्यांची बायको आणि नवरा मुलगा ऋतुराज. दारात पायानं दाबायचं सॅनिटायझर होतं, कपाळाला लावायचं तापाचं पिस्तूल होतं. हंबीररावांनी न सांगता टोपी काढून कपाळ पुढं केलं आणि हात मनगटापर्यंत चोळले. कृष्णातच्या मनात आलं, खेडवळ माणूस म्हणावा तर सराईत आहे.

"ऊस कसा हाय यंदा?" पृथ्वीराजनं सुरुवात केली.

"ऊस बरा हाय. तोडीला माणसं न्हाईत," हंबीरराव म्हणाले, आणि आढ्याकडे बघितलं. मग पंख्याकडे. मग दुसऱ्या पंख्याकडे. "हे पंखे आता आवाज करत न्हाईत वाटतं."

"आता म्हंजे?" आक्कानं पटकन विचारलं.

"म्हंजे... हॉलचं पंखे आवाज करत्यात की शक्यतो."

आक्कानं पृथ्वीराजकडे बघितलं. हंबीररावांच्या बायकोनं नवऱ्याच्या कोपराला हलकं ढोसलं. दोन्ही घरं आपापलं झाकून बसली होती आणि दुसऱ्याचं उघडं पडेल म्हणून अदबीनं दुसरीकडे बघत होती. सोयरीक जमायला यापेक्षा जास्त काय लागतं?

चहा आला. पृथ्वीराजनं पाहुण्यांना ऑफिस दाखवलं, आणि सन्मानपत्र दिसेल असा बाजूला उभा राहिला. ते दिसलंच.

"कोरोना योद्धा! वा! काय केलंसा?"

"काय विशेष न्हाय ओ. कोपऱ्यावर बंदोबस्ताला पोलीस असायचे. ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका. रोज त्यास्नी घरचा डबा न्यायचो. मग तालमीच्या पोरांनी कार्यक्रम घेतला. नको म्हणत हुतो मी."

राजनंदिनी ट्रे घेऊन दारात उभी होती. सन्मानपत्रासोबतच्या फोटोत पप्पा, दोन हवालदार, आणि एका हवालदाराच्या हातात उघडा डबा. फोटो तिनं शंभर वेळा पाहिला होता. घरून पोलिसांना डबा कधी जायचा हे मात्र तिला आठवेना. अवंतिका सप्टेंबरात तापानं वेगळ्या खोलीत होती. स्वयंपाक माई एकट्या करत होत्या. एकच डबा. तिनं गणित तिथंच सोडलं, कारण ऋतुराज तिच्या हातातला ट्रे धरायला पुढं आला होता.

"द्या, मी घेतो," एवढंच तो म्हणाला.

हॉलमध्ये परत सगळे बसले. खुर्च्या इतक्या लांब होत्या, की सुपारीचं बोलणं ओरडून करावं लागत होतं. एरवी कोल्हापुरात ओरडायला अंतराची गरज पडत नाही.

"आजोबांचं ऐकून वाईट वाटलं," हंबीरराव म्हणाले. "हार्ट म्हणालात न्हवं?"

"हार्टच," आक्का म्हणाली. "झोपेत. कुणाला उठवलं बी न्हाय."

"भाग्यवान."

"माणसं तरी जवळ हुती," पृथ्वीराज म्हणाला. हे एवढं जास्तीचं कशाला बोललो हे त्याचं त्यालाच कळलं नाही. माई त्याच्याकडे बघत होत्या. त्यानं पाणी प्यायलं.

कृष्णातला ही वेळ बरी वाटली. "हंबीरराव, आमचं काय न्हाय, पण तुमचा इचार काय? हॉल जुना हाय. हायवेकडं मोकळी लॉनं झाल्यात आता..."

"न्हाय न्हाय. लगीन हितंच."

"इतकं काय हितं..." अवंतिकाच्या तोंडून निघून गेलं.

तेवढ्यात बाहेर घंटागाडी येऊन थांबली. मास्क वापरा, अंतर ठेवा, साबणानं हात धुवा. कर्ण्यातून येणारा आवाज पूर्वेच्या खिडकीतून थेट बैठकीत घुसला. कृष्णात खिडकी लावायला उठला. झडप ओढली, ढकलली, कडी बसेना. त्या खिडकीची खोड दादांच्या वेळची होती; लाकूड फुगलेलं, आणि मिस्त्री बदलले तरी ती कधी सरळ लागली नव्हती.

"थांबा, तशी न्हाय लागायची ती," हंबीरराव उठत म्हणाले.

बायकोनं त्यांचा सदरा धरला. तो सुटला. हंबीरराव माळांपाशी गेले, डाव्या हातानं झडप खालून जराशी उचलली आणि उजव्या मुठीनं कडीच्या खाली एक बुक्की मारली. खिडकी लागली. घंटागाडी बंद झाल्यासारखी वाटली. त्यांच्या खांद्याला लागून एक माळ सुटून खाली पडली आणि मागून गुलाबी सतरा बाहेर आला.

ती बुक्की फक्त एका माणसाची होती. राजनंदिनी लहान असताना दादांनी तिलाही शिकवली होती, पण तिची उंची पुरायची नाही.

"हे तुमास्नी कुणी शिकवलं?" माईंनी विचारलं.

हंबीररावांनी एकदा बायकोकडे बघितलं, एकदा भिंतीवरच्या आकड्याकडे, आणि खुर्ची ओढून माईंच्या जवळ बसले. अंतराबिंतर राहिलं.

"आता काय लपवायचं. आक्का, तुमी फोनवर म्हणाला हॉल बंद हुता. मी म्हटलं बरं, चांगल्या घरची माणसं हायत, आपल्याला लाजवायला नको म्हणून म्हणत असतील. मी हितं हुतो. सप्टेंबरात. आमच्या गावात कळलं तर दूध कोण घेणार म्हणून आमी बी म्हटलं, पुण्याला पावण्याकडं गेलाय. अठरा नंबर माझा. आणि सतराला मालक हुते."

"कोण मालक?" माईंनी विचारलं.

"नाव काय कळलं न्हाय. आमीच त्यास्नी मालक म्हणायचो, चेष्टेनं. म्हातारा पयल्या दिवशी गप. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून सांगायला लागला, हे कार्यालय माझं हाय. ही फरशी मी बसवली, तो खांब मी उभा केला, माझ्या आईनं म्हैस विकून जागा घेतली. आमी हसायचो. तापात माणूस काय बी बोलतोय. उप्पीट कच्चं आलं की वॉर्डातली पोरं ओरडायची, काय मालक, हे काय वाढलंय! आणि त्याला खरंच लागायचं ओ. म्हणायचा, लगीन असतं तर असलं वाढू दिलं नसतं, माफ करा. सगळ्यांच्या बेडापाशी जाऊन माफी मागायचा. रात्री पंखा वाजायचा त्याची बी माफी."

आक्कानं पदर तोंडाला लावला. पृथ्वीराज बुटांच्या टोकांकडे बघत होता. सेंटरवर सोडताना त्यानंच दादांना बजावलं होतं, आपण कोण हे आत कुणाला सांगू नका. हॉलच्या मालकालाच झालाय म्हटलं तर धंदा बसंल. दादांनी मान डोलावली होती. एक दिवस पाळलंही होतं.

"तुमाला खरं वाटलं न्हाय?" माईंचा आवाज अगदी साधा होता.

"कसं वाटणार? एवढ्या मोठ्या हॉलचा मालक असता तर गेटावर कोणतरी डबा घेऊन आलं असतं की," हंबीरराव म्हणाले. "सगळ्यांची यायची. ह्याचं एक माणूस कवा आलं न्हाय. मी ऋतुराजला सांगितलं, बाबा, दोन भाकरी जादा आण, शेजारी एकटा जीव हाय. हा बिद्रीसनं रोज गाडीवर यायचा. गेटावर पिशवी ठेवायचा आणि जायचा. मालक ती भाकरी कपाळाला लावायचे आणि म्हणायचे, माझ्या नातीचं लगीन ह्याच स्टेजवर करणार हाय, सगळ्या वॉर्डानं यायचं. मी म्हटलं, येतो की मालक. मग एक दिवस दम लागला, हलवलं त्यास्नी. पुढं काय झालं कुणास ठाऊक."

राजनंदिनीनं ऋतुराजकडे बघितलं. तो सतरा नंबरकडे बघत होता. गेटाच्या आत तो आज पहिल्यांदाच आला होता. त्याचा चेहरा अजून मास्कमध्येच होता, आणि तिला आता तो बघायची घाई राहिली नव्हती.

"मी सांगते पुढं काय झालं," ती म्हणाली. अवंतिकानं तिचा हात धरला, पण अडवण्यासाठी नाही, नुसता धरला. "मोठ्या दवाखान्यात वारले ते. तिसऱ्या दिवशी. हार्ट नव्हतं. आम्ही कोणी नव्हतो. माझे आजोबा होते ते."

हंबीरराव उभे राहिले. त्यांनी टोपी काढली, परत घातली. "म्हंजे... खरंच मालक?"

"खरंच," माई म्हणाल्या. "ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्याशिवाय आमी सगळी बोलतोय."

कृष्णात माळ उचलून परत लावायला गेला, आणि आकड्यासमोर ती हातात धरून तसाच थांबला. अखेर हंबीररावच म्हणाले, "आक्का, तुमी मला फसवलं, मी तुमास्नी. फिटलं. सुपारी फोडा. मला ह्या लग्नाचं बोलावणं सप्टेंबरातच मिळालंय, मालकांच्या तोंडून. ते मी मोडणार न्हाय. पोरीची काय मर्जी?"

"माझी हो आहे," राजनंदिनी म्हणाली. "वॉर्डातले जे सापडतील त्यांना बोलवायचं. पन्नासांत ते आधी. आपले नातेवाईक उरलेल्या जागांत."

"पोरी..." आक्कानं सुरुवात केली, आणि बोलावण्याचे तोंडभरून शब्द आपण किती जणांना दिलेत ते तिला आठवलं. अवंतिकानं कृष्णातकडे बघितलंही नाही. त्यांची युती सकाळच्या चहाइतकी टिकली होती.

म्हणजे सगळं छान झालं होतं. लग्न ठरलं होतं, हॉल उघडला होता, पाहुणे रागावले नव्हते. पृथ्वीराजला मोकळं वाटायला हवं होतं, आणि तो त्याचीच वाट बघत होता.

माईंनी हंबीररावांना विचारलं, "डबा आत पोचला की परत कसा यायचा?"

"परत? परत काय यायचं न्हाय ओ माई. आत गेलेली वस्तू बाहेर सोडतच न्हवते. म्हणून तर सगळी प्लास्टिकच्या पिशवीतनं आणायची, खाल्लं की टाकून द्यायची."

माईंनी मांडीवरच्या डब्याकडे बघितलं. रोज परत यायचा. धुऊन पुसून. ऑफिसचं दार उघडंच होतं आणि त्यांच्या खुर्चीतून सन्मानपत्राचा फोटो समोर दिसत होता. हवालदार, आणि त्याच्या हातातला डबा. त्या डब्याच्या झाकणाला एक पोचा होता. तो पोचा त्यांनी आत्ता अंगठ्यानं चाचपला.

"माई," पृथ्वीराज म्हणाला. "गेटावर ओळखीची माणसं असायची. कुणी बघितलं असतं तर... मी रोज जायचो माई. रोज कोपऱ्यापर्यंत जायचो. गाडीतनं उतरवत न्हवतं मला. आणि अन्न टाकवत न्हवतं." तो खरंच रोज गेला होता, आणि गाडीत बसून रडलाही होता. त्यानं काही फरक पडत नव्हता, हेही त्याला कळत होतं.

माई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांना एवढंच वाटलं, की आपण महिनोन्महिने ज्या समाधानावर जेवत होतो ते कुणा दुसऱ्याच्या पोटात गेलं होतं. चांगल्या माणसाच्याच पोटात, पण दुसऱ्याच्या. त्यांनी डबा उचलला. आजची भाकरी आत तशीच होती.

"घे," त्या म्हणाल्या.

"माई, पाहुण्यांसमोर..."

"पाहुण्यांनी जेवू घातलंय त्यांना. त्यांच्यापासनं काय लपवायचं. घे. आता कोपरा न्हाय, गेट न्हाय, कोण बघतंय म्हणायला सगळी घरचीच हायत. एवढा हॉल ओलांडायचाय फक्त. पोचव."

पृथ्वीराजनं डबा घेतला. लांब लांब ठेवलेल्या खुर्च्यांमधून, कुणाकडे न बघता, तो पूर्वेच्या खिडकीपर्यंत चालत गेला. कृष्णात माळ घेऊन बाजूला झाला. सतरा नंबरच्या खाली आता नुसती फरशी पुसून ठेवलेली होती; खाट नव्हती, आणि डबा घ्यायला तिथं कोणीच नव्हतं. तो तसाच हातात धरून उभा राहिला.